मिळकत व्यवस्थापनातल्या सरकारी नोकरीसाठी काय शिकून यावे

प्रश्न विचारणाऱ्या ताई बी.कॉम. आहेत, वय एकोणतीस. कल्याणजवळच्या एका मोठ्या गृहसंकुलाचे सोसायटी ऑफिस त्या चार वर्षांपासून सांभाळतात. देखभाल शुल्काची बिले, थकबाकीच्या नोटिसा, सभासदत्व हस्तांतराचे कागद आणि लिफ्टवाल्यापासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांच्या मागे लागणे, हे त्यांचे रोजचे काम. त्यांना म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, किंवा तशाच एखाद्या सरकारी संस्थेत घरांच्या व्यवस्थापनात सहाय्यक दर्जाची नोकरी हवी आहे. शिक्षण किती लागते, त्यासाठी एमबीए किंवा रिअल इस्टेटचा डिप्लोमा करावा का, आणि सोसायटीतला अनुभव सरकारी भरतीत धरतात का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मिळकत व्यवस्थापनाच्या टेबलावर गेली. त्यामुळे आधी थोडक्यात उत्तर देते. पदवी तुमच्याकडे आहे आणि ती पुरेशी आहे. एमबीए करू नका. टंकलेखनाची प्रमाणपत्रे नसतील तर आजच नाव घाला. अनुभव धरला जाईल की नाही, हे तुम्ही त्याचा कागद कसा तयार करून ठेवता यावर ठरेल. आता सविस्तर.

आपल्याकडे ‘गृहनिर्माण व्यवस्थापन सहाय्यक’ नावाचे पद सहसा जाहिरातीत दिसत नाही, आणि त्यामुळे बरीच मुले ही जाहिरात आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जातात. काम त्याच नावाचे असते, पदाचे नाव वेगळे असते. म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या कार्यालयात गाळेधारकांच्या नस्त्या, म्हणजे फायली, हाताळणारी माणसे कनिष्ठ लिपिक-टंकलेखक, वरिष्ठ लिपिक आणि सहाय्यक या पदांवरची असतात. जोडीला भाडेवसुलीकार असतात. त्यांच्या वर मिळकत व्यवस्थापक आणि उपमुख्य अधिकारी. उपमुख्य अधिकारी बऱ्याचदा महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले उपजिल्हाधिकारी असतात. म्हणजे तुम्हाला ज्या टेबलावर बसायचे आहे, त्याची वाट लिपिकवर्गीय भरतीतून जाते.

म्हाडाची २०२१ ची जाहिरात उदाहरणादाखल घेऊ, कारण अलीकडची मोठी सरळसेवा भरती तीच. एकूण ५६५ पदे होती. त्यातली २०७ कनिष्ठ लिपिक-टंकलेखकांची, ७३ वरिष्ठ लिपिकांची आणि १८ सहाय्यकांची. निम्म्याहून जास्त जागा या तीन पदांतच होत्या. कनिष्ठ अभियंता स्थापत्य ११९ होते, ते पदविका-पदवीवाल्या अभियंत्यांसाठी. प्रशासकीय अधिकारी या पदाच्या जागा होत्या फक्त २. एमबीएचा विचार करताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. ज्या पदावर व्यवस्थापनाच्या पदवीचा थोडाफार उपयोग होऊ शकतो, तिथे जागा अशा दोन-चार निघतात, त्याही अनेक वर्षांनी, आणि पुन्हा अनुभवाची अट असतेच. दोन वर्षे आणि काही लाख रुपये त्यात घालण्याजोगे मला तरी काही दिसत नाही. रिअल इस्टेटचे खासगी डिप्लोमे बिल्डरच्या विक्री विभागात कामाला येत असतील. सरकारी छाननीत त्यांना कोणी विचारत नाही.

कनिष्ठ लिपिक-टंकलेखकाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खरी गाळणी टंकलेखनाला लागते. मराठी ३० शब्द प्रति मिनिट आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या गतीची शासकीय प्रमाणपत्रे लागतात. काही जाहिरातींत या दोहोंमध्ये ‘किंवा’ असते, काहींत ‘आणि’. पुढची जाहिरात कशी येईल हे आधी कोणालाच कळत नाही, म्हणून दोन्ही काढून ठेवा. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टंकयंत्राचा जमाना गेला, आता ती संगणकावर होते. वर्ग लावणे, अर्ज भरणे, परीक्षा, निकाल आणि मग हातात प्रमाणपत्र, या सगळ्यात बरेच महिने जातात. जाहिरात आल्यावर वर्ग शोधणाऱ्यांची ती भरती हुकते. अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र हातात असणे वेगळे आणि परीक्षेला बसलेले असणे वेगळे, हे छाननीच्या टेबलावर फार कठोरपणे पाहिले जाते. एमएस-सीआयटी तुम्ही बहुधा केलेले असेल. नसेल तर तेही उरकून घ्या.

मराठी टंकलेखनाबद्दल एक सांगते. वर्गात तुम्हाला ज्या कळफलकाची सवय होईल तोच पुढे ऑफिसात वापरणार, म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली टिपणी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी कोणाला तरी ती सगळी पुन्हा टाइप करत बसावे लागते.

वरिष्ठ लिपिक आणि सहाय्यक या पदांना पदवीशिवाय आधीच्या कामाचा अनुभव मागितला होता. तुमची चार वर्षे तिथे उपयोगी पडू शकतात, पण ‘पडू शकतात’ एवढेच म्हणते. त्याकडे शेवटी येते.

वयाची मर्यादा राज्यातल्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. तुम्हाला वेळ आहे. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्राचा अर्जही आतापासून मार्गी लावा. निवड झाल्यावर त्यासाठी धावाधाव करणारे उमेदवार मी नेहमी पाहिले. आणखी एका अटीकडे उमेदवारांचे लक्ष जात नाही, ती म्हणजे लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर राज्य शासनाच्या सेवेसाठी उमेदवार अपात्र ठरतो. म्हाडासारख्या प्राधिकरणांतही हे प्रतिज्ञापन भरून घेतात. पगाराचे म्हणाल तर सातव्या वेतन आयोगात लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० आहे, वर भत्ते.

परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन. गृहनिर्माणावर वेगळा पेपर नसतो. म्हणजे पात्रता यादीत, निवड परीक्षेत, दोन्हीकडे घरांच्या व्यवस्थापनाचे ज्ञान तपासलेच जात नाही. ते तुम्हाला आपल्या आपणच मिळवावे लागेल, आणि माझ्या मते या नोकरीची खरी पात्रता तिथे आहे.

मिळकत व्यवस्थापनाच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद शेवटी एकच गोष्ट विचारत असतो: या गाळ्यात आज कोण राहते, आणि कोणत्या हक्काने? भाडे कोणाकडून घ्यायचे, पुनर्विकासात नवे घर कोणाच्या नावे करायचे, ना हरकत प्रमाणपत्र कोणाला द्यायचे, नोटीस कोणाला बजावायची, हे सगळे त्या एका उत्तरावर उभे असते. आणि ते उत्तर माणसाच्या बोलण्यातून मिळत नाही, ते कागदांच्या साखळीतून जुळवावे लागते.

एक नमुना सांगते. असे प्रकरण शेकड्यांनी येतात, म्हणून हे कोणा एकाचे नाही. गाळा १९८० च्या सुमारास वडिलांच्या नावे वितरित झाला. नव्वदच्या दशकात त्यांनी तो कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आणि साध्या करारावर दुसऱ्याला दिला. घेणाऱ्याने तिथे संसार केला, वीजबिल आपल्या नावे केले, सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. म्हाडाच्या दफ्तरी मात्र पहिलेच नाव राहिले. पुढे मूळ गाळेधारक वारले, घेणाराही वारला. आता इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि दोन्ही घरांतले वारस एकाच दिवशी अर्ज घेऊन उभे. एकाकडे वितरण पत्र आणि मृत्यूचा दाखला, दुसऱ्याकडे पंचवीस वर्षांच्या भाडे पावत्या आणि शिधापत्रिका.

इथे काय काय माहीत असावे लागते ते पाहा. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. पण प्राधिकरणाच्या धोरणात अशा हस्तांतरांच्या नियमितीकरणाची तरतूद असू शकते, तिच्या अटी असतात, शुल्क असते, आणि ते धोरण कोणत्या तारखेच्या ठरावाने आले हे नस्तीला लावावे लागते. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यातले कलम १५४ब-१३ नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासदत्व देते. हक्क वारसांचे राहतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तरच त्याचा विचार करायचा. शंभराच्या स्टॅम्पवर सगळ्या भावंडांनी सह्या केलेला कागद कितीही मनापासून लिहिलेला असो, तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राची जागा घेत नाही. भाडे पावती राहणे सिद्ध करते, राहण्याचा हक्क नव्हे.

तुम्ही सोसायटीत हस्तांतराचे कागद हाताळता, म्हणजे यातले निम्मे तुम्हाला आधीच येते. हेच तुमचे भांडवल आहे, आणि परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांकडे ते नसते.

असे प्रकरण वाचून झाले की लिहावे लागते टिपण. सरकारी कामात निर्णय अधिकारी घेतो, पण त्याच्यासमोर काय येते ते लिपिकाच्या टिपणीवर ठरते. चांगली टिपणी कशी असते याचा एक नमुना देते (‘पृ. ३/प.वि.’ म्हणजे नस्तीतल्या पत्रव्यवहाराचे तिसरे पान):

“सदर गाळा मूळतः श्री. अ यांच्या नावे वितरित (पृ. ३/प.वि.). श्री. अ यांचे निधन झाले असून मृत्यूचा दाखला पृ. १७/प.वि. वर आहे. अर्जदार धरून वारस चार. पैकी दोघांचे अर्जदाराच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पृ. २२/प.वि. वर. चौथ्या वारसाची संमती नस्तीत आढळून येत नाही. सेवाशुल्काची थकबाकी नसल्याबाबत लेखा शाखेचा दाखला पृ. २५/प.वि. वर. सबब, चौथ्या वारसाचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र अथवा सक्षम न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र सादर करण्याबाबत अर्जदारास कळविण्यास मान्यता असावी. आदेशार्थ सादर.”

यात एकही विशेषण नाही. प्रत्येक विधानाला पान आहे. काय नाही तेही लिहिले आहे, आणि पुढे काय करायचे याचा प्रस्ताव आहे. अर्जदार गरीब आहे, चकरा मारून थकली आहे, हे यात कुठे नाही, पण तिचे काम पुढे सरकेल ते अशाच टिपणीने. “कागदपत्रे अपूर्ण, आदेश व्हावेत” एवढे लिहून वर पाठवलेली नस्ती साहेबांकडून “चर्चा करावी” असा शेरा घेऊन परत येते आणि माणसाचे दोन महिने जातात. घरी बसून सराव करायचा असेल तर आपल्याच सोसायटीतले एखादे जुने हस्तांतर प्रकरण घ्या, नावे झाका आणि त्याची अशी टिपणी लिहून पाहा. पान क्रमांक घालायला विसरू नका.

दफ्तर लावण्याची शिस्तही तितकीच महत्त्वाची. आवक-जावक, कार्यविवरण नोंदवही, सहा गठ्ठा पद्धत, अभिलेखाचे अ, ब, क, ड वर्गीकरण, हे शब्द नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कानावर पडतात. शिकायला अवघड काही नाही. पण घरांच्या बाबतीत जुना कागद सापडणे म्हणजे एखाद्या कुटुंबाचे छप्पर सापडणे असते. बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. आता म्हाडा पुनर्विकास करते आहे आणि १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. वरळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. त्या चावीआधी प्रत्येक खोलीची पात्रता तपासावी लागते: मूळ भाडेकरू कोण, खोली कोणाकडून कोणाकडे गेली, आज राहतो तो कोण. आजोबांच्या नावाची एखादी पिवळी पडलेली पावती आणि दफ्तरातली नोंद जुळली की एक घर मार्गी लागते. जुळली नाही तर लिपिकाला शोधत राहावे लागते, आणि त्याने शोधत राहायलाच हवे.

दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, इमारतींचे दफ्तर तर त्याहून गुंतागुंतीचे. सुरुवातीला या इमारती १९,६४२ होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या अ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात, आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. इमारत धोकादायक झाली की रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवतात. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तिथे दशकानुदशके राहिली, कारण मूळ जागी पुन्हा बांधकाम होऊच शकले नाही. त्यांच्यासाठी बृहतसूची आहे, म्हणजे कायमचे घर मिळायला पात्र कुटुंबांची यादी; सगळे तिला मास्टर लिस्टच म्हणतात. तिच्यावर नाव येण्यासाठी पुन्हा तेच: मूळ इमारतीतली खोली, तिचे भाडे, ती रिकामी केल्याची नोटीस, संक्रमण गाळ्याचे वितरण पत्र. मधल्या काळात त्या गाळ्यांत काही घुसखोरही शिरलेले असतात आणि काहींनी गाळा परस्पर विकत घेतलेला असतो. अनधिकृत रहिवाशाला काढायचे तर म्हाडा अधिनियमाच्या कलम ६६ खाली सक्षम प्राधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. ती नोटीस बरोबर व्यक्तीला, बरोबर गाळा क्रमांक घालून, पोच घेऊन बजावली गेली आहे का, हे पाहणारा माणूस म्हणजे तुम्ही. पोच नसेल तर पुढची सगळी कारवाई कोसळते.

कायद्यांची यादी फार लांब करू नका. म्हाडाचा १९७६ चा अधिनियम, ज्याखाली डिसेंबर १९७७ मध्ये हे प्राधिकरण स्थापन झाले, तो एकदा नीट वाचा. निदान मिळकती, निष्कासन (अनधिकृत रहिवाशाला बाहेर काढणे) आणि इमारत दुरुस्तीची प्रकरणे. सहकार कायद्यातले गृहनिर्माण संस्थांचे प्रकरण आणि आदर्श उपविधी तुमच्या रोजच्या कामात असतीलच. माहिती अधिकार अधिनियम २००५ पाठच असू द्या, कारण मिळकत विभागाइतके माहिती अर्ज फार थोड्या विभागांत येत असतील आणि तीस दिवसांची मुदत कधी संपली ते कळतही नाही. कायद्याचे शिक्षण नसले तरी चालते. कलम कुठे आहे हे माहीत असणे आणि ते उघडून वाचण्याची सवय असणे पुरते.

अभ्यासक्रमच करायचा असेल तर सहकार आयुक्तालयाच्या परीक्षा पाहा. दर वर्षी साधारण मे महिन्यात जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखाकर्माची शासकीय पदविका, आणि त्याबरोबर सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र, ज्याला सी.एच.एम. म्हणतात, अशा दोन परीक्षा होतात. म्हाडाच्या जाहिरातीत या मागितलेल्या नसतात. तरीही मी त्या सुचवते, कारण बी.कॉम.वाल्या माणसाला त्या जड जात नाहीत, फी किरकोळ असते, आणि त्यासाठी जे वाचावे लागते ते या टेबलावर जसेच्या तसे वापरता येते. शिवाय सरकारी नोकरीचे जमले नाही, तर सोसायट्यांच्या हिशेबाचे आणि व्यवस्थापनाचे काम करायला त्या आयुष्यभर उपयोगी पडतात. एमबीएचे पैसे वाचवून त्यातले थोडे इथे घाला.

हिशेबाच्या बाजूला तुम्ही आधीच पुढे आहात. भाडे, सेवाशुल्क, अकृषिक कर, पाणीपट्टी, त्यावरचे व्याज, मध्येच जाहीर झालेली अभय योजना, यांची खातेवही लावणे हे मिळकत विभागाचे अर्धे काम आहे. मुंबईतल्या ५६ वसाहतींच्या वाढीव सेवाशुल्काचा वाद वर्षानुवर्षे चालला, तो असाच आकड्यांचा होता. रहिवासी चिडून आलेला असतो, कारण त्याला एकदम मोठी रक्कम दिसते. ती रक्कम वर्षनिहाय फोडून, कागदावर मांडून दाखवली की बहुतेकांचा आवाज खाली येतो. हे तुम्ही सोसायटीत केलेच असेल.

घरांच्या सोडतीचे, म्हणजे लॉटरीचे, काम मात्र गेल्या काही वर्षांत बदलले. पूर्वी आधी सोडत निघायची आणि मग विजेत्याची पात्रता तपासत बसायचे. त्यात अपील, प्रतीक्षायादी, सगळे लांबायचे. २०२३ पासूनच्या संगणकीय प्रणालीत अर्जदाराचे कागद सोडतीआधीच तपासले जातात. त्यामुळे लिपिकाचे काम आता बरेचसे पडद्यावर आले आहे. अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा, पॅन आणि आधारवरचे नाव जुळते का, पती-पत्नी दोघांचे उत्पन्न धरले आहे का, हे सगळे आता प्रणालीत पाहावे लागते. पण प्रणाली अडली की माणूस तुमच्याच खिडकीशी येतो. आधारवर ‘सुमन’ आणि दाखल्यावर ‘सुमनबाई’ असेल तर त्या बाईला काय करायचे ते तुम्ही सांगायचे असते, आणि एकदाच, पूर्ण सांगायचे असते. एका फेरीत सगळ्या त्रुटी लिहून द्या. दर खेपेला एक नवी त्रुटी काढणारा कर्मचारी मला कधी सहन झाला नाही. वसईहून किंवा अंबरनाथहून वांद्र्याला येणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो.

म्हाडाखेरीजही दारे आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत वसाहत विभाग आहे आणि तिथली जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतराचे काम सतत चालू असते. केंद्र सरकारच्या मुंबईतल्या वसाहती, अँटॉप हिल किंवा बेलापूरच्या, केंद्राच्या संपदा निदेशालयाकडे आहेत आणि तिकडची लिपिक भरती कर्मचारी निवड आयोगातून होते. तिथे मराठी टंकलेखनाचा उपयोग नाही, हिंदी किंवा इंग्रजीचा आहे. गोव्यात पर्वरीला गोवा गृहनिर्माण मंडळ आहे, पण तिकडच्या लिपिक पदाला कोकणी येणे आवश्यक असते.

कंत्राटी कामांकडेही तुच्छतेने पाहू नका. प्रधानमंत्री आवास योजनेसाठी महापालिका आणि नगरपालिकांमध्ये शहरस्तरीय तांत्रिक कक्ष असतात, त्यात सामाजिक विकास तज्ज्ञ, माहिती प्रणाली तज्ज्ञ अशी पदे निघतात. पंचायत समितीत ग्रामीण आवासच्या कामाला अभियंते आणि संगणक चालक घेतात. मुदत संपली की घरी बसावे लागेल हे धरून चालायचे. पण लाभार्थी तपासणी कशी होते, हप्ता का अडतो, घराचा टप्प्याटप्प्याने फोटो का लागतो, हे तिथे प्रत्यक्ष कळते, आणि त्या कामाचा अनुभव सरकारी लेटरहेडवर मिळतो.

भरतीत पैसे मागणारा कोणीही भेटला तर तिथूनच मागे फिरा. म्हाडाची लेखी परीक्षा १२ डिसेंबर २०२१ ला होणार होती, ती पेपरफुटीच्या प्रकारामुळे आयत्या वेळी पुढे ढकलावी लागली आणि २०२२ च्या सुरुवातीला ऑनलाइन झाली. दूरगावाहून परीक्षा केंद्रांवर आलेल्या हजारो मुलांचे त्यात हाल झाले. तेव्हापासून या परीक्षा मोठ्या संस्थांमार्फत संगणकावर होतात. परीक्षा शुल्क अधिकृत संकेतस्थळावर भरायचे, बाकी कोणाला एक पैसा द्यायचा नाही.

आता तुमच्या अनुभवाचे. छाननी करणारा माणूस तुम्ही काय काम केले ते पाहत नाही, कागदावर काय लिहिले आहे ते पाहतो. “अमुक ताई आमच्याकडे प्रामाणिकपणे काम करत होत्या” अशा पत्राला तिथे किंमत नाही. अनुभव प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवे, नोंदणी क्रमांकासह. पदनाम हवे, आणि ते ‘ऑफिसचे काम’ असे मोघम न लिहिता ‘लिपिक’ किंवा ‘कार्यालय सहाय्यक’ असे, जे खरे असेल ते. रुजू झाल्याची तारीख आणि आजपर्यंत कार्यरत असल्याची किंवा सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, कामाचे स्वरूप, दरमहा वेतन. सचिव आणि अध्यक्षांच्या सह्या, शिक्का, जावक क्रमांक. वेतन रोखीने व्हाउचरवर मिळत असेल तर आजपासून ते बँकेत जमा करायला सांगा, कारण मागे जाऊन पुरावा तयार करता येत नाही आणि करूही नये. पगार आधीपासून खात्यात येत असेल तर सगळ्या वर्षांची बँक विवरणपत्रे आताच काढून ठेवा. नियुक्ती पत्र कधी मिळालेच नसेल, तर कार्यकारी समितीच्या ज्या सभेत तुमची नेमणूक झाली त्या ठरावाची प्रमाणित प्रत मागा; ती इतिवृत्तात असणारच. पगार संस्थेच्या लेखापरीक्षित ताळेबंदात दाखवलेला असतो, त्याही प्रती जोडायला उपयोगी पडतात.

आणि हे सगळे सध्याच्या समितीची मुदत संपायच्या आत करून घ्या. नवी समिती आली की जुन्या काळातल्या कामाबद्दल सही करायला सहसा कोणी पुढे येत नाही.